पाठींचा द्विदल चारा : वाचकांचे प्रश्न

दुधाळ शेळ्यांच्या पाठी (मादी करडं) वाढवणारे लसूणघास, सुबाभूळ अशा द्विदल चाऱ्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पाठवतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

नुसती लसूणघास घातली तर पाठी लवकर वाढतील का?

नाही. लसूणघाशीत प्रथिनं भरपूर असतात, पण जास्तीची लघवीवाटे वाया जातात.

१५ किलोच्या पाठीला हिरवी लसूणघास किती द्यावी?

एवढ्या पाठीला रोज साधारण ६०० ग्रॅम कोरडा आहार (पाणी वगळून) लागतो. त्यातला तिसरा हिस्सा द्विदल चाऱ्याचा धरला तर २०० ग्रॅम. हिरव्या लसूणघाशीत पाचात चार हिस्से पाणीच असतं, म्हणजे हिरवी सुमारे एक किलो. उरलेलं वाळला चारा आणि खुराकातून (धान्य, पेंड) द्या. हे ढोबळ मान झालं. पाठीचं वजन करा आणि पशुवैद्यकाकडून आहार ठरवून घ्या.

विक्रेता म्हणतो, प्रथिनांची पावडर दिली की चारा कमी चालतो.

त्याला पावडर विकायची आहे. रवंथाला तंतू लागतात, ते डब्यात मिळत नाहीत. वाढ खुंटली असेल तर आधी लेंड्या तपासून घ्या, बहुधा जंत निघतील.

पावसात भिजलेली कोवळी लसूणघास खाऊन पाठ फुगली. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तेल पाजलं, सकाळपर्यंत थांबलो. पाठ गेली. काय चुकलं?

थांबलात, ते चुकलं. कोवळ्या द्विदल चाऱ्यातल्या प्रथिनांमुळे कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) घट्ट फेस होतो. वायू त्यात अडकतो, ढेकर येत नाही. फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि जनावर गुदमरतं. यात काही तासही फार होतात. तेलाने फेस मोडतो हे खरं, पण मान वर धरून घाईने पाजलेलं तेल फुप्फुसात जातं. डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) फुगली, रवंथ थांबला, पाठ दात खाऊ लागली की पहिला फोन डॉक्टरांना. ते येईपर्यंत तिला उभी ठेवा. मुळात ही वेळ येऊ देऊ नका. घास फुलोरा सुरू झाल्यावर कापा, सुकवा, आणि पाठींना आधी वाळला चारा खाऊ द्या. नवा चारा मुठीने सुरू करून दहा-बारा दिवसांत वाढवा. कोठीपोटातल्या जिवाणूंना बदल पचवायला तेवढा वेळ लागतोच. एकाएकी बदल केल्यास आंत्रविषाराचाही (आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याचा रोग) धोका असतो. त्याची लस टोचली आहे का, हे आजच विचारा.

सुबाभळीने केस गळतात, म्हणून ती तोडून टाकू का?

तोडू नका. तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात, गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही सुजते, पण ती प्रमाणाबाहेर दिल्यावर. एकूण कोरड्या आहाराच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ नका. गाभण शेळीला द्यायची तर आधी विचारून.

लसूणघास चालू आहे, खनिज मिश्रण बंद करू?

नको. लसूणघाशीत कॅल्शियम भरपूर, पण फॉस्फरस कमी असतो.

पाठ आठ महिन्यांची झाली, बोकड दाखवू का?

वजन पाहा. त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या शेळीच्या निदान ६० ते ६५ टक्के भरत नसेल, तर थांबा.