सबसिडी कधी जमा होते? आणि इतर प्रश्न

या वेळीही प्रश्न वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेत, पण गोंधळ तोच. सबसिडी म्हणजे सरकार खात्यात टाकतं ते पैसे, असं बहुतेकांनी धरलंय. बँकेच्या कर्ज विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. ‘सबसिडी कधी जमा होईल’ असं विचारणारे रोज यायचे. ‘हप्ता कितीचा बसेल’ असं आधी विचारणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

डाळमिल टाकायची आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचा फॉर्म भरल्यावर किती दिवसांत पैसे खात्यात येतात? (वाचक, मेहकर)

येत नाहीत. आधी बँकेचं कर्ज, त्यातून मशीन. प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढं अनुदान बँकेत तुमच्या नावाने बाजूला राहतं. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षांनी, युनिट चालू आणि खातं नियमित असेल, तर ते कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हाच दरम्यानचा फायदा.

दिवाळीत उसनवारी करून मशीन घेतलं. आता सबसिडी मिळेल का?

नाही. कर्जमंजुरीच्या आधीचं बिल बँक धरत नाही. ट्रॅक्टरच्या अवजारांचंही तेच, पूर्वसंमती हातात आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

मशीन विक्रेता म्हणतो, ‘तुमच्या हिश्श्याचे दहा टक्केसुद्धा आम्हीच भरतो, तुम्ही फक्त सह्या करा.’ करावं का? (वाचक, तासगाव)

करू नका. हा प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून या वेळी आकडेच मांडतो. वहीत उतरवून घ्या.

मशीनची खरी किंमत 6 लाख. सरळ व्यवहारात तुमचे 10 टक्के म्हणजे 60 हजार, बँकेचे 5 लाख 40 हजार. अनुदान 35 टक्क्यांनी 2 लाख 10 हजार. म्हणजे खरं फेडायचं कर्ज 3 लाख 30 हजार. व्याज सोडून तुमच्या खिशातून जातात 3 लाख 90 हजार.

आता विक्रेत्याचा व्यवहार. तो त्याच मशीनचं कोटेशन 10 लाखांचं देतो. तुमचा 1 लाखाचा हिस्सा तो एका दिवसापुरता तुमच्या खात्यावर फिरवतो आणि परत घेतो. बँकेचे 9 लाख थेट त्याच्याकडे जातात. अनुदान साडेतीन लाख, तुमचं फेडायचं कर्ज साडेपाच लाख. तुम्हाला वाटतं, एक रुपया न घालता मशीन आलं. प्रत्यक्षात 3 लाख 90 हजारांत येणाऱ्या मशीनला तुम्ही साडेपाच लाख मोजताय, आणि जादाच्या 1 लाख 60 हजारांवर व्याज वेगळं. त्याला मशीनच्या किमतीवर 3 लाख जास्त मिळाले. त्यातले 1 लाख 40 हजार सरकारचे. बाकीचे तुमचे! आणि तोच गावात सांगत फिरतो की पाटलांना मशीन फुकट करून दिलं.

वर, खोट्या बिलावर सही तुमची असते. चौकशी लागली की विक्रेता म्हणतो, ‘गिऱ्हाइकाने मागितलं तसं कोटेशन दिलं.’ हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तुमचं बिघडतं, त्याचं नाही. असा हप्ता चुकतोच, कारण युनिटची कमाई 6 लाखांच्या मशीनची असते आणि हप्ता 10 लाखांच्या कोटेशनचा. मशीनवर ताडपत्री टाकून शहरात कामाला गेलेली माणसं मी वसुलीला फिरताना पाहिली आहेत. त्यांतल्या एकानेही कोटेशन स्वतः मिळवलेलं नव्हतं.

निदान तीन ठिकाणची कोटेशनं घ्या, तीही स्वतः जाऊन. ज्याच्याकडे तेच मशीन दोन वर्षं चालू आहे अशा माणसाला किंमत विचारा. स्वतःचे दहा टक्के भरायची ऐपत आज नसेल, तर प्रकल्प लहान करा. सही करण्याआधी कागद एखाद्या सीएला दाखवा. त्याची फी विक्रेत्याच्या ‘मदती’पेक्षा स्वस्त पडते.

फाईल करून द्यायला एक जण 15 हजार मागतोय.

देऊ नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प अहवाल, अर्ज आणि बँकेचा पाठपुरावा यांसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं. नाव आणि नंबर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळेल.

आमचा दहा जणींचा पापड-मसाल्याचा बचत गट आहे. याच योजनेतून प्रत्येकीला 40 हजार मिळणार म्हणे. वाटून घेतले तर चालतील ना? (वाचक, गारगोटी)

ताई, ते वाटून घ्यायचे पैसे नव्हेत. ते बीज भांडवल आहे, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या साधनांसाठी. अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या सदस्येमागे कमाल 40 हजार. ही रक्कम अनुदान म्हणून गटांच्या संघाला मिळते, पण तुमच्या हातात कर्ज म्हणून येते आणि फेडावी लागते. प्रस्ताव उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून जातो. ते आधी दप्तर पाहतील: बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड. नोंदी एका रात्रीत एकाच पेनाने लिहिलेल्या असतील तर ओळखू येतं. प्रभाग समन्वयकांना भेटा.

व्हॉट्सॲपवर आलंय, शंभर टक्के अनुदानावर पिठाची गिरणी, आजच शेवटची तारीख.

शासन निर्णयाचा क्रमांक मागा. नसेल तर पुढे पाठवू नका. असेल तर पंचायत समितीत दाखवून खात्री करा.

वडिलांची चालू चक्की आहे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेतून वाढवता येईल का?

त्यातलं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला मिळतं. सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात 25 टक्के, महिला आणि राखीव प्रवर्गांना 35, ही टक्केवारी ऐकून लोक चालू धंद्याला नवी पाटी लावतात. तसलं काही करू नका. चालू अन्नप्रक्रिया उद्योगाला वाढवण्यासाठी वर सांगितलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. मुदत आणि निधी शिल्लक आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी विभागात विचारून घ्या.

बँक मॅनेजर चार महिने ‘बघू’ म्हणतात. जमीन तारण द्या म्हणाले.

‘बघू’ हे उत्तर नाही. मंजूर की नामंजूर, आणि नामंजूर तर कारण काय, हे लेखी मागा. माझ्याच खात्याच्या लोकांबद्दल लिहितोय, पण तोंडी नकारावर अर्ज कुजवणं ही जुनी सवय आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. त्यासाठी तारणाऐवजी बँकेला हमी देणारी पतहमी योजना आहे. लेखी अर्जाची पोच घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा. मात्र त्याआधी स्वतःचा सिबिल अहवाल काढा. मित्राला जामीन राहिलेलं कर्ज थकलेलं निघतं आणि मॅनेजर संकोचाने बोलत नाहीत, असंही होतं.

आमचं तरुण मंडळ 1998 पासून नोंदणीकृत आहे. व्यायामशाळेला अनुदान हवंय. (वाचक, संगमेश्वर)

नोंदणी आहे, पण अध्यक्ष अजून तेच का? कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक मंडळांच्या नोंदीवर अजून वारलेली माणसं पदाधिकारी आहेत. मग लेखापरीक्षण. मागच्या तीन वर्षांचे अहवाल नसतील तर फाईल पुढे सरकायची नाही. जागा कोणाच्या नावावर आहे, हेही पाहा. ‘ग्रामपंचायतीने तोंडी दिली आहे’ यावर कोणी पैसे देणार नाही. आणि अनुदान मिळालंच, तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च केल्याचा दाखला, वेळेत द्यावं लागतं. ते राहिलं की पुढच्या अनुदानाचा रस्ता बंद. सगळे बदल अर्ज एकदम द्यायचे तर ओळीने द्यावे लागतात, तिथे स्वतः डोकं चालवू नका, धर्मादाय कार्यालयात काम करणारा वकील गाठा. ते झाल्यावर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा.