आपल्या वाट्याचा श्वास देण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

पुन्हा साथ आली आणि व्हेंटिलेटर कमी पडले, तर माझ्या वाट्याचा दुसऱ्याला द्या, असं आत्ताच लिहून ठेवू का, असं तू विचारलंस. तुझी भावना खरी आहे. म्हणूनच नुसतं कौतुक करून थांबावंसं वाटत नाही.

तू सोडलेलं यंत्र कुणाला मिळेल, हे तुझ्या हातात नसतं. टंचाईत अतिदक्षता विभागातले डॉक्टर कुणाला त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, हे पाहून क्रम लावतात आणि मोकळी झालेली जागा त्या क्रमानं पुढे जाते. ती लहान लेकरांच्या आईला मिळेल, नाहीतर तुला मुळीच न आवडणाऱ्या माणसाला. हे मनापासून चालणार असेल तरच लिही. शिवाय बाहेर कुणी ताटकळत नसेल, तर तुझ्या नकारानं कुणीच वाचत नाही, तू मात्र जीव गमावून बसशील. तेव्हा 'टंचाई असेल आणि दुसऱ्याला गरज असेल तरच' ही अट त्यात स्पष्ट हवी. व्हेंटिलेटर नाकारला म्हणजे सगळे उपचार नाकारले असंही नाही. साधा ऑक्सिजन, धाप आणि वेदना कमी करणारी औषधं मागायला संकोचू नकोस. आयत्या वेळी मन बदललं तर तसं सांग. त्यात कसलाही कमीपणा नाही.

देण्याची एक वेगळी रीतही तुला ठाऊक असावी. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासयंत्रं अगदी मोजकी होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं मार्ग काढला: गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हातानं दाबत रुग्णाला श्वास द्यायचा. त्यासाठी सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्र रात्र जागून त्या पिशव्या दाबल्या. कितीतरी जीव वाचले. तुझ्याच वयाची मुलं होती ती! निरोगी तरुणाकडून साथीच्या काळात मला आधी हे हवं आहे.

आता मला खरी काळजी वाटते ती सांगतो. 2020 मध्ये वृद्धांनी तरुणांसाठी व्हेंटिलेटर सोडल्याच्या गोष्टी जगभर फिरल्या. इटलीतल्या एका धर्मगुरूंची गोष्ट फार गाजली, पण ती सांगितली गेली तशी घडलीच नव्हती, असा खुलासा पुढे झाला. अशा गोष्टींनी आपले डोळे पाणावतात, पण खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला त्यातून 'आता तुम्ही उठा' एवढंच ऐकू येतं. आपण कुणाला जड झालोय या भीतीपोटी दिलेला होकार मी त्याग मानत नाही, आणि कुणी कितीही गोड शब्दांत सुचवला तरी मला तो जुलूमच वाटतो.

म्हणून तुझा कागद घरच्या वडीलधाऱ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवू नकोस. त्यांच्याशी हा विषय काढशील तेव्हा स्वतःचा निर्णय आधी सांगू नकोस. त्यांना काय हवंय ते विचार, आणि 'मला जगायचंय' असं ते म्हणाले, तर तेही तितक्याच आदरानं लिहून घे.