मुलगी न्यू जर्सीत बारावीला जातेय. कॉलेजचे अर्ज आणि ग्रॅज्युएशन यांची तयारी कधी आणि कशी करायची?

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी धरून लिहिते: मुलगी सप्टेंबरपासून सीनियर इयरला, तुम्ही एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) आणि ती एच-४वर (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा व्हिसा), आणि तुमचं दोघांचंही शिक्षण महाराष्ट्रात झालेलं.

तिसरी गोष्ट आधी घेते, कारण बरेचसे घोळ तिथेच सुरू होतात. आपल्या डोक्यातली बारावी फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाभोवती फिरते. दिवाळीपर्यंत निवांत, मग जोर. इथे नेमकं उलटं आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे चार महिने सगळ्यात जड असतात, आणि त्यातलं निम्मं काम मुलीच्या हातात नसतं. शिक्षकांची शिफारसपत्रं, काउन्सेलरचा (शाळेतल्या मार्गदर्शकाचा) रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडची अधिकृत नोंद) हे सगळं शाळेकडून जातं. मुलं निबंधावर दोन महिने घालवतात आणि अर्ज अडतो तो शाळेकडे वेळेत न मागितलेल्या कागदापाशी.

म्हणून पहिलं काम शिफारसपत्रांचं. प्रवेश कठीण असलेली खाजगी कॉलेजं साधारण दोन शिक्षकांची पत्रं मागतात. अकरावीत मुख्य विषय शिकवलेले शिक्षक घ्यावेत, एक गणित किंवा विज्ञानाचे, एक इंग्रजी किंवा इतिहासाचे. एमआयटी तर असंच स्पष्ट मागते. विचारण्याची योग्य वेळ अकरावीचा मे-जून. ती टळली असेल तर शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, समोर जाऊन विचारायला सांगा. लोकप्रिय शिक्षक पत्रांची संख्या ठरवून घेतात आणि ती भरली की नम्रपणे नाही म्हणतात. होकार मिळाला की एक पानभर टिपण द्यायचं: त्यांच्या वर्गात केलेला प्रकल्प, कुठे अडली आणि कशी सुटली, पुढे काय शिकायचंय, आणि सगळ्यात आधीची मुदत. त्यांच्या वर्गातला एखादा नेमका प्रसंग आठवून दिला, तर पत्र ‘अभ्यासू आणि शिस्तप्रिय’ या ठोकळेबाज शब्दांपलीकडे जातं.

इथे एक तांत्रिक खड्डा आहे. हे कागद कॉलेजांना पाठवायला अनेक शाळा नेव्हियन्स किंवा स्कोअर (Scoir) नावाची प्रणाली वापरतात. मुलीच्या शाळेत नेव्हियन्स असेल, तर तिचं कॉमन अ‍ॅपचं (अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जाचं) खातं त्याला जोडावं लागतं आणि शिक्षकांना विनंती नेव्हियन्समधूनच पाठवावी लागते. जोडण्याआधी कॉमन अ‍ॅपमध्ये फेर्पाचा (विद्यार्थ्याच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याचा) फॉर्म सही करायचा असतो. पत्रं वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न त्यात असतो. ‘हो, सोडते’ हेच निवडावं; हक्क राखला तर पत्र मनापासून लिहिलंय का, अशी शंका कॉलेजला येते. ही सही किंवा जोडणी राहिली तर शिक्षकांनी वेळेत लिहिलेलं पत्रही पुढे जात नाही.

ट्रान्सक्रिप्टची विनंती वेगळी. शाळा त्यासाठी मुदतीआधी ठरावीक कामाचे दिवस मागते. ‘कामाचे दिवस’ हा शब्द नीट वाचा. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात, आणि अर्जांच्या पहिल्या मोठ्या मुदती १ आणि १५ नोव्हेंबरच्या. दिवाळीही बहुधा त्याच सुमारास. घरी पाहुणे, फराळ आणि अर्ली अ‍ॅक्शन (लवकरच्या मुदतीचा अर्ज) हे त्रिकूट एकाच आठवड्यात नको असेल, तर मनातली मुदत १५ ऑक्टोबर धरा.

आता मुलीच्या हातातलं काम. कॉमन अ‍ॅप दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. त्यात जास्तीत जास्त २० कॉलेजं घालता येतात. माझ्या मते १० ते १२ पुरेत, कारण प्रवेश कठीण असलेल्या बहुतेक कॉलेजांचे स्वतःचे निबंध वेगळे असतात आणि पंधराव्या कॉलेजचा निबंध वाचताना कंटाळा दिसतो. मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. विषय वारी असो की आजीची पुरणपोळी, वाईट काहीच नाही. फक्त निबंध आजीवर होतो आणि मुलगी त्यात सापडत नाही, ही नेहमीची चूक. दुसरी चूक आपली. पालकांनी ‘सुधारलेला’ निबंध ओळखू येतो, कारण सतरा वर्षांची मुलगी सरकारी अहवालासारखी बोलत नाही. शुद्धलेखन तपासा आणि थांबा.

उपक्रमांसाठी १० जागा असतात. भूमिकेसाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १००, वर्णनासाठी १५०. अक्षरं, शब्द नव्हे. महाराष्ट्र मंडळाचं ढोल-ताशा पथक, मराठी शाळेत लहानांना शिकवणं, धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं हे सगळं इथे चालतं आणि चालवावं. मात्र ‘भारतीय सांस्कृतिक कार्यक्रमात सहभाग’ असं लिहून जागा वाया घालवू नका. ‘४० जणांच्या पथकात ताशा, नव्या १२ मुलांना ताल शिकवला, गणपती मिरवणुकीचं वेळापत्रक आखलं’ यात काम दिसतं. आकडे अर्थात तिचे खरे हवेत. दर आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडेही विचारतात. पथकाचा सराव जूनपासून सप्टेंबरपर्यंतच असेल, तर आठवडे १४-१५ लिहा; ५२ लिहिलेत तर बाकीच्या यादीवरचाही विश्वास उडतो.

नावाची बाब आपल्या लोकांसाठी खास आहे. पासपोर्टवर ‘ईशा अमोल’ हे एकत्र पहिलं नाव आणि ‘जोशी’ आडनाव, शाळेत नुसतं ‘ईशा जोशी’, सॅटच्या (कॉलेज प्रवेशपरीक्षेच्या) खात्यावर तिसरंच काहीतरी, असं फार घरांत असतं. मग कॉलेजच्या संगणकाला सॅटचे गुण आणि अर्ज एकाच मुलीचे आहेत हे कळत नाही आणि पोर्टलवर गुण ‘मिळाले नाहीत’ असं दिसत राहतं. ऑगस्टमध्येच ठरवा: पासपोर्टप्रमाणे नाव आणि तीच जन्मतारीख सगळीकडे. शाळेच्या नोंदी बदलायला वेळ लागतो, त्यामुळे ते काम काउन्सेलरकडे आधी द्या. ईमेलही शाळेचा नको. तो ग्रॅज्युएशननंतर बंद होतो, आणि काही शाळा बाहेरचे मेल अडवतात.

सॅटचं थोडक्यात: एमआयटी, हार्वर्ड, ब्राऊन यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे, बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे, आणि कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं गुण बघतच नाहीत. प्रत्येक कॉलेजचा नियम त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा. नोव्हेंबरच्या मुदतींसाठी ऑगस्टची परीक्षा सोयीची, कारण ऑक्टोबरचा निकाल हाती येतो तेव्हा विचार करायला वेळ उरत नाही.

यूसीचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नाही, त्यांचा स्वतःचा आहे. सादर करण्याची खिडकी १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. ८ प्रश्नांपैकी ४, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. शिफारसपत्रं मागत नाहीत. कॉमन अ‍ॅपचा निबंध कापून तिथे चिकटवला तर फसतो. यूसीला ललित नको, सरळ उत्तर हवं. रटगर्स, न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, तुमच्या यादीत असणारच. ते अर्जाच्या वेळी शाळेच्या ट्रान्सक्रिप्टऐवजी विद्यार्थ्याने स्वतः भरलेली विषय आणि ग्रेडची नोंद मागतात. ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून, विषयांची नावं जशीच्या तशी उतरवा. आठवणीतून भरलेली एक ग्रेड चुकली तर शेवटच्या ट्रान्सक्रिप्टशी ताडताना ती उघडी पडते.

आता एच-४. मी सगळ्यात जास्त वेळ यावर द्यायला सांगेन. मुलगी इथल्याच शाळेत शिकली तरी अर्जात नागरिकत्व भारताचं आणि व्हिसा एच-४ असंच लिहायचं. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर ती जागा रिकामी सोडायची. इथे शिकल्यामुळे टोफेल, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, बहुतेक ठिकाणी लागत नाही. फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज, १ ऑक्टोबरला उघडतो, पण एच-४ विद्यार्थी त्या मदतीला पात्र नाहीत. (धाकटा मुलगा इथे जन्मलेला असेल तर त्याच्या वेळी तुमचा व्हिसा आड येणार नाही, पात्रता विद्यार्थ्याची बघतात.) न्यू जर्सीत आर्थिक मदतीचा अर्ज भरणं ही ग्रॅज्युएशनची अटही आहे, न भरणाऱ्यांसाठी माफीचा फॉर्म असतो. तो पालकांनी सही करून द्यायचा. ‘आपण पात्रच नाही’ म्हणून सोडून दिलात तर जूनमध्ये शाळेतून फोन येईल.

खाजगी कॉलेजं स्वतःच्या पैशातून मदत देतात आणि त्यासाठी बरीचशी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्नाचा तपशीलवार अर्ज) मागतात. मात्र मदतीच्या बाबतीत एच-४ मुलांना अनेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय गटात धरतात, आणि तिथे मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांच्याकडे तसा होत नाही. बाकी प्रत्येक ठिकाणी ईमेल करून लेखी विचारा: एच-४ अर्जदाराला तुम्ही कुठल्या गटात धरता? सरकारी विद्यापीठाला दुसरा प्रश्न: एच-४वर राज्याच्या रहिवाशांची फी लागेल का, आणि कोणते पुरावे हवेत? नियम राज्यागणिक वेगळा आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं उत्तर दुसऱ्याच राज्याचं असतं. चार वर्षांत हा फरक मोटारीच्या किमतीएवढा सहज होतो.

म्हणूनच अर्ली डिसिजनची, म्हणजे पहिल्या पसंतीच्या एकाच कॉलेजला लवकर अर्ज करण्याची घाई करू नका, असं माझं स्पष्ट मत. ते बंधनकारक असतं. विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत पुरेशी नसणं हे सुटकेचं मान्य कारण आहे खरं, पण पूर्ण फी परवडेल असा हिशेब आधीच झाला असेल तरच सही करा. अर्ली अ‍ॅक्शनला असं बंधन नसतं. ते जमेल तिथे जरूर करा, फक्त काही मोजक्या कॉलेजांचे ‘आमच्याकडे अर्ली केलंत तर इतर खाजगी कॉलेजांत नको’ असे नियम वाचून.

अर्ज पाठवण्याआधी पीडीएफ उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही कॉलेजांची पुरवणी (त्यांचे स्वतःचे निबंध-प्रश्न) वेगळी सादर करावी लागते; मुख्य अर्ज गेला की काम झालं असं वाटतं आणि पुरवणी तशीच राहते. नंतर प्रत्येक कॉलेज पोर्टलचा दुवा पाठवतं, अनेकदा तो स्पॅममध्ये जातो. पोर्टलवर सुरुवातीला कागद ‘अप्राप्त’ दिसले तर लगेच घाबरू नका, नोंद व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतरही तसंच दिसलं तर काउन्सेलरला कळवा. त्यांच्याकडे दोन-अडीचशे मुलं असतात, तेव्हा ईमेलमध्ये कॉलेज, कागद आणि तारीख एवढंच लिहावं.

अर्ली डिसिजनचे निकाल डिसेंबरच्या मध्याला, नियमित अर्जांचे मार्चअखेरपर्यंत, आणि कॉलेज निवडून डिपॉझिट भरायची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे. एकाच कॉलेजात भरायचं. जानेवारी-फेब्रुवारीत शाळा सहामाही ग्रेड पाठवते आणि जूनमध्ये शेवटचं ट्रान्सक्रिप्ट. प्रवेशपत्रात ‘शेवटच्या ग्रेड समाधानकारक असतील तर’ अशी अट असते आणि ती शोभेची नसते. अ मिळवणारी मुलगी दोन विषयांत ड वर आली तर कॉलेज खुलासा मागतं, प्रसंगी प्रवेश काढून घेतं. अर्जात लिहिलेला एपीचा (कॉलेजच्या पातळीचा) विषय वसंतात सोडायचा असेल तर आधी कॉलेजला कळवायचं.

ग्रॅज्युएशनच्या अटींची तपासणी सप्टेंबरमध्येच करा. न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट लागतात. हुशार मुलं गणितात सहसा अडकत नाहीत. अडकतात ती आर्थिक साक्षरतेच्या २.५ क्रेडिटवर, कलेच्या ५ क्रेडिटवर, किंवा एपीसाठी जागा करताना सोडलेल्या शारीरिक शिक्षणावर, जे दरवर्षी लागतं. बाहेरून किंवा उन्हाळ्यात केलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर चढला का, हेही बघा. मराठी चांगली लिहिता-वाचता येत असेल तर द्विभाषा प्रावीण्याच्या सीलबद्दल काउन्सेलरला विचारा. तो डिप्लोमासोबत मिळतो. टोपी-गाऊनची ऑर्डर, लायब्ररीची पुस्तकं आणि शाळेचा लॅपटॉप परत करणं ही किरकोळ कामं. तारखा शाळा कळवते.

समारंभ बहुधा जूनच्या उत्तरार्धात असतो. आजी-आजोबांना पुण्याहून बोलावणार असाल, तर तिकिटांचा नियम आधी विचारा. मैदानावर चार-सहा जण चालतात, पण पाऊस आला की समारंभ जिममध्ये हलतो आणि पावसाची तिकिटं घरटी दोनच असू शकतात. आणि त्यानंतर लगेच भारतवारी ठरवत असाल तर मुलीच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का बघा. तो संपला असेल तर तिथे नवा घ्यावा लागेल, आणि अपॉइंटमेंट लांबली तर ऑगस्टअखेरचं ओरिएंटेशन हुकेल. एच-४ २१व्या वाढदिवसाला संपतो, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षात. एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) जायचं ते त्याआधी, आणि त्यासाठी वकिलाशी पहिलं बोलणं कॉलेज निवडतानाच करा. एच-४वर पगारी इंटर्नशिप चालत नाही, त्यामुळे काही घरं पहिल्याच वर्षी एफ-१ घेतात. पण त्याचा राज्याच्या फीवर काय परिणाम होतो, हे विद्यापीठाला विचारल्याशिवाय अर्ज टाकू नका.