चित्रीकरण संपल्यानंतरच्या पैशांविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, पटकथा आणि खर्चाचा कागद तिन्ही मिळाले. पटकथा मी दोनदा वाचली. सासू आणि सून रात्री ओसरीत बसून तूर पाखडतात आणि त्या दहा मिनिटांत जमिनीच्या वाटणीचा सगळा विषय एकदाही नाव न घेता बोलून जातात, ते दृश्य फार चांगले उतरले आहे. तिथली वऱ्हाडी प्रमाण मराठीत आणू नकोस आणि लोकांनी हसावे म्हणून ती फुगवूही नकोस. ‘मले’, ‘तुले’ ऐकू आले की प्रेक्षकाने हसायचेच, अशी सवय आपल्या चित्रपटांनी इतकी वर्षे लावून ठेवली आहे, आणि तुझी सासू ‘मले काई नोको’ म्हणते तेव्हा कोणी हसणार नाही, हीच त्या दृश्याची ताकद आहे. पटकथेविषयी सविस्तर भेटीत बोलू. आज लिहायचे आहे ते खर्चाच्या कागदाविषयी.

तू साडेचार लाख रुपये मांडले आहेस. त्यातले सव्वादोन लाख कॅमेऱ्याच्या खरेदीला, तेवढेच अठरा दिवसांच्या चित्रीकरणाला, आणि संकलन, ध्वनी, सेन्सॉर, महोत्सव या शेवटच्या ओळीपुढे ‘उरतील त्यातून’ असे लिहिले आहेस. बाळ, त्यातून काहीही उरत नाही. माझा पहिला चित्रपट ह्याच दोन शब्दांवर अडला. चित्रीकरण संपले त्या रात्री आम्ही गावजेवण दिले, आणि नंतर दोन वर्षे तो चित्रपट माझ्या कपाटात दोन हार्ड डिस्कवर पडून राहिला. त्यातली एक डिस्क मधल्या काळात सुरू होईनाशी झाली. म्हणून माझा आग्रह आहे की सव्वादोन लाख रुपये आजच वडिलांच्या नावे वेगळे ठेव आणि चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना हात लावू नकोस. उरलेल्या पैशांत अठरा दिवस बसत नसतील तर अकरा दिवसांची पटकथा कर. तशी ती होऊ शकते, कारण यवतमाळच्या बसस्थानकावरची तिन्ही दृश्ये काढली तरी गोष्टीचे काही बिघडत नाही.

कॅमेरा विकत घेऊ नकोस. नागपुरात तो दिवसाच्या भाड्याने मिळतो, आणि तुझ्या गोष्टीतला अर्धा भाग तर चांगल्या फोनवरही निघेल. फोन वापरलास तर दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे फ्रेमचा वेग सेकंदाला २५ वर पक्का करणारे अ‍ॅप घे, कारण बहुतेक फोन उजेडाप्रमाणे हा वेग आपोआप कमीजास्त करतात आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज दृश्य संपेपर्यंत ओठांपासून सुटतो. दुसरे म्हणजे शटर १/५० ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर बऱ्याच वेगांवर एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे सरकू शकतात. रोजचे चित्रीकरण त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरव आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेव.

पैसा घालायचाच तर तो आवाजावर घाल. शिकलेला साऊंड रेकॉर्डिस्ट, बूम म्हणजे लांब काठीवरचा माइक आणि चांगला हेडफोन यांवर जे देशील ते तुला पडद्यावर दिसणार नाही, पण त्यांच्याविना चित्रपट कोणी शेवटपर्यंत पाहणार नाही. माझ्या चित्रपटातही एका म्हातारीचे असेच संध्याकाळचे दृश्य होते. ती सुपात तूर पाखडता पाखडता मुलाशी बोलते, आणि तिने ते इतके खरे केले होते की कॅमेरामागे उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. शेजारच्या गल्लीत पिठाची चक्की सुरू होती. आमचे कान तिला सरावलेले होते आणि हेडफोन कोणीच घातला नव्हता. संकलनाच्या टेबलावर ऐकले तेव्हा तिच्या प्रत्येक शब्दाखाली चक्कीच्या पट्ट्याची घरघर होती. मग तिला डबिंगसाठी नागपूरला नेले. काचेच्या खोलीत माइकसमोर उभी राहून ती तीच वाक्ये बोलायची, पण आवाज पातळ, कोणा परक्याचा यायचा. चार तास गेल्यावर तिच्या सुनेने सुचवले म्हणून आम्ही तिच्या हातात रिकामे सूप दिले. हात हलायला लागले तसा तिचा आवाज परत आला. तरीही ओठ पूर्ण जुळले नाहीत, आणि ते दृश्य मला अर्ध्यावर कापावे लागले. आजही गावात कोणी त्या दृश्याचे कौतुक केले की मला तो कापलेला अर्धा भाग आठवतो.

तेव्हा ठिकाण निवडताना एक अख्खा दिवस आणि एक रात्र तिथे नुसते बसून ऐक. चक्की केव्हा सुरू होते, मंदिराचा भोंगा केव्हा लागतो, आणि शेतीची तीन फेजची लाईन त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे लिहून काढ, कारण लाईन आली की आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरचे मोटारपंप एकदम सुरू होतात. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता एक मिनिटाची शांतताही ध्वनिमुद्रित कर. गावातल्या रातकिड्यांची ती शांतता मिक्सिंगच्या वेळी दुसरीकडून आणता येत नाही.

वेळापत्रक वावराप्रमाणे लाव. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या आधीचे पांढरे शेत आणि तिसऱ्या वेचणीनंतरची काळी पडलेली पऱ्हाटी ही पडद्यावर दोन वेगळी शेते दिसतात. शेतातली दृश्ये सलग उरकून घे आणि घरातली नंतर ठेव. मजूर वेचणीच्या दिवसांत तुझ्यासाठी थांबणार नाहीत, त्यांनी थांबावे अशी अपेक्षाही करू नकोस. थांबवशील त्यांना वेचणीच्या दराने पैसे दे. मे महिन्यात चित्रीकरण करायचा विचार सोड. आपल्याकडचा उन्हाळा माणसांना आणि यंत्रांना सारखाच असह्य होतो.

आता कागदपत्रे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण तुझ्या गोष्टीत बैल आहे, नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि खर्रा खाणारा सासरा आहे, आणि या तिघांसाठी तीन वेगळे नियम आहेत. बैल पडद्यावर आणायचा असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाकडे चित्रीकरणाआधी अर्ज करावा लागतो; तो कागद नसेल तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र तिथेच अडते, आणि बैल तुमच्याच गोठ्यातला असला तरी यात सूट नाही. मुलासाठी बालकामगार कायद्याखालच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्याच्याकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि त्याच्या मानधनाचा किमान २० टक्के भाग बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. खर्रा म्हणजे तंबाखू. त्यामुळे चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यात तंबाखूविरोधी संदेश आणि त्या दृश्यांत पडद्यावर इशारा देणे बंधनकारक आहे. त्यासाठी सासऱ्याचा खर्रा काढू नकोस, तो त्या माणसाचा भागच आहे. फक्त संकलनात संदेशाची जागा धर. गावातल्या ज्या कोणाचा चेहरा ओळखू येईल त्याच्याकडून साध्या मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रावर सही घे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखव.

सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हवेच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत आणि प्रमाणपत्राची मुदत आता कायमची आहे. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे दलालाला पैसे देऊ नकोस. राज्य शासनाचे मराठी चित्रपटांसाठीचे अनुदानही चित्रपट पूर्ण होऊन, प्रमाणपत्र मिळून, समितीने दर्जा ठरवल्यावरच मिळते. ते भांडवलाच्या बाजूला लिहिले आहेस, ते खोड.

हक्कांच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, म्हणून थोडे थांबून लिहितो. कपाटातला तो चित्रपट अखेर पूर्ण झाला तेव्हा एका कंपनीने तो ‘घेतो’ म्हटले. मी आनंदात सही केली. त्या कागदात संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी आणि कायमस्वरूपी असे तिन्ही शब्द होते, आणि कंपनीने चित्रपट वापरला नाही तरी हक्क तिच्याकडेच राहतील असे एक वाक्यही होते. चित्रपट कुठेच दिसला नाही आणि माझ्याच गावात तो दाखवायची मला मुभा राहिली नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा खरे तर लेखकाच्या आणि निर्मात्याच्या बाजूने बरेच काही सांगतो. हक्क देणे लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो, आणि करारात वेगळे म्हटले नसेल तर घेणाऱ्याने वर्षभरात न वापरलेले हक्क संपतात. माझ्या सहीने मी हे सगळे संरक्षण सोडून दिले. तू कोणताही करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस आणि गावोगावच्या खेळांचे हक्क कोणालाच देऊ नकोस. पटकथेची नोंद मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे आत्ताच करून टाक.

ओटीटीवर तू फार भिस्त ठेवली आहेस. टाळेबंदीच्या काळात या कंपन्यांना चित्रपट हवेच होते. आता त्यांनी हात आखडता घेतला आहे, आणि ओळखीचे नट नसलेला, थिएटरमध्ये न लागलेला छोटा मराठी चित्रपट ठोक रकमेला विकला जाणे अवघड झाले आहे. पाहिलेल्या मिनिटांवर वाटा देऊ, असेच उत्तर बहुधा मिळते. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार २०२५ मध्ये एकत्र झाले, म्हणजे दार ठोठावायच्या दोन जागांची एक झाली. थिएटरमध्येही चित्रपट पडद्यापर्यंत पोहोचवणाऱ्या डिजिटल कंपनीचे शुल्क, ज्याला धंद्यात व्हीपीएफ म्हणतात, निर्मात्यालाच भरावे लागते. हे तुला निराश करायला लिहीत नाही. ही दारे उघडायला वेळ लागतो आणि तो वेळ पैशांवर निघतो, एवढे तुला आधी माहीत असावे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातल्याच लोकांना घेऊन जयंत दिगंबर सोमलकर यांनी केलेला ‘स्थळ’ हा चित्रपट २०२३ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या थिएटरांत तो २०२५ च्या मार्चमध्ये आला. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटालाही मध्ये दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात प्रवास, सबटायटल, डीसीपी म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत, प्रसिद्धी असे सगळे खर्च होतच असतात. तुझी शेवटची ओळ ह्याच काळासाठी आहे.

चित्रपट तयार झाला की यूट्यूबवर टाकायची घाई करू नकोस. बऱ्याच महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडे व्हावा असे वाटते. गोव्यात दर नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवासोबत एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो; आता त्याला वेव्हज फिल्म बाजार म्हणतात. तिथे अपूर्ण चित्रपटांसाठी वेगळा विभाग आहे, आणि कच्चे संकलन तिथे पाठवणे हे तुझे पहिले लक्ष्य असू दे. पुण्याचा पिफ हा महोत्सव आणि केरळचा महोत्सव हे दोन्ही प्रेक्षकांनी भरलेले असतात. महोत्सवांना अर्ज करायच्या फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावर शंभर नावे दिसतील. त्यातल्या कित्येकांचे थिएटर कुठे आहे हेच सापडत नाही, शुल्क भरले की ईमेलने पोस्टरवर लावायची पानांची नक्षी आणि पुरस्कार मिळतो. अर्ज करण्याआधी मागच्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या एका तरी दिग्दर्शकाला फोन कर. सबटायटल मात्र यंत्राकडून करून घेऊ नकोस. आपली ‘करून राह्यली’ही त्याला कळत नाही आणि सासूच्या त्या ‘काई नोको’मधला नकार तर मुळीच कळत नाही. वऱ्हाडीत वाढलेल्या, इंग्रजी चांगले असलेल्या माणसाला पैसे देऊन ते करून घे.

आणि एकदा देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला जाऊन ये. भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटक कंपन्या तिथून गावोगाव जातात. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती किंवा मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, यांच्या निमित्ताने गावचे मंडळ नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते, आणि लोक थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी तिथे गेलो तेव्हा तिकीट काढून बसलेल्या बायकांच्या रांगा पाहून मला प्रथमच कळले की आपल्या भागात प्रेक्षक कमी नाही, पडदा कमी आहे. प्रमाणपत्र हातात असेल आणि गावोगावच्या खेळांचे हक्क तुझ्याकडेच असतील, तर एक प्रोजेक्टर, पडदा आणि चांगले स्पीकर घेऊन तू मंडळांशी तसाच करार करू शकतेस. मंडळाकडून विसार कसा घेतात आणि पाऊस आला तर कोणाचे नुकसान धरतात, हे तिथल्या व्यवस्थापकांना विचारून वहीत लिहून आण.

खर्चाचा कागद नव्याने करून पाठव. पहिली ओळ चित्रीकरणानंतरच्या खर्चाची असू दे. दिवाळीला मी गावी येणार आहे. तुझ्या काकूंची ओसरी तू त्या दृश्यासाठी धरली आहेस, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री आपण दोघे तिथे बसू. माझा रेकॉर्डर मी आणतो, हेडफोन तू आण. तुमच्या गल्लीतली चक्की रात्री किती वाजता बंद होते, ते तोवर काकूंना विचारून ठेव.

तुझा,
काका

ता. क. बैलाचा अर्ज आधी पाठव, मग बाकीचे.