पाहुणं पान: हात तुमचा, आजी त्याची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राचं आजी आणि तिच्या बोलक्या बोक्याचं वेबकॉमिक आहे, परीक्षेमुळे तो सुट्टी घेतोय, मधलं एक पान तुम्ही काढणार आहात आणि त्याची शैली हुबेहूब जमत नाही म्हणून हात अडलाय. आधी ते हुबेहूबचं भूत उतरवा. आज हात दुसऱ्याचा आहे हे वाचकाला पहिल्याच चौकटीत कळतं, आणि पाहुण्या पानाची गंमत तीच असते. आजी मात्र आजीसारखीच वागली पाहिजे.

याचं माझं आवडतं उदाहरण जून २०१४ मधलं. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ ही आपली चित्रपट्टी १९९५ च्या अखेरीस थांबवल्यापासून बिल वॉटरसन वर्तमानपत्रातून जवळपास गायब होता. तो स्टीफन पॅस्टिसच्या ‘पर्ल्स बिफोर स्वाइन’ या चित्रपट्टीत ४ ते ६ जून असा गुपचूप येऊन गेला. युक्ती अशी, की दुसरीतली एक मुलगी पॅस्टिसच्या चित्रांना नाक मुरडते आणि स्वतःच काढायला बसते. तिने काढलेल्या चौकटी वॉटरसनच्या, बाकीच्या पॅस्टिसच्या नेहमीच्या साध्या रेषेत. म्हणजे रेषेतला फरक लपवण्याऐवजी त्यांनी त्याचाच विनोद केला. पाहुणा कोण होता हे तिन्ही पट्ट्या छापून आल्यावरच उघड झालं.

तुम्हाला एवढं नाटक करायची गरज नाही. मित्राची जुनी पानं समोर ठेवा आणि आजी वेगवेगळ्या पोझमध्ये नुसती काळी भरून काढा. सावलीवरून ओळखू आली की अर्धं काम झालं. खरा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो; मित्राची आजी तीन डोक्यांची असेल तर तुमचीही तीनचीच. डोळे ठिपक्यांचे असतील तर त्यांना बुबुळं देऊ नका, कारण तिचे सगळे भाव त्या ठिपक्यांवर आणि भुवयांवर बसवलेले असतात. रेषेची जाडी, हॅचिंग (बारीक समांतर रेषांची छटा), रंग हे सगळं खुशाल तुमचं.

गोष्ट त्याच पानात सुरू होऊन तिथेच संपणारी घ्या. मित्राच्या कथानकाला हात लावायचा नाही. कुणाचं लग्न लावू नका, कुणाला मारू नका. समजा, ‘लाइट गेली’ हा विषय घेतला. पहिली चौकट आडवी: आजी टीव्हीसमोर वाती वळतेय, बोका खिडकीत, ओट्यावर दुधाचं पातेलं. दुसरी पूर्ण काळी, बोक्याचे दोन डोळे आणि आजीच्या संवादाचा फुगा, ‘मेणबत्ती कुठे ठेवली गं बाई?’ तिसरीही काळी, पण डोळे गायब आणि कोपऱ्यात बारीक ‘लप् लप्’. चौथीत आजीला मांडीवरच्या वाती आठवतात, निरांजन लागतं, चेहऱ्यावर खालून उजेड. पाचवीत लाइट आलेली, बोका खिडकीत जागच्या जागी, मिश्यांना साय: ‘आजी, मी फार घाबरलो होतो.’

अख्खा विनोद तिसऱ्या चौकटीत आहे. दुसरीत डोळे जिथे होते तिथेच तिसरीत काही नसलं पाहिजे, तरच नजर अडखळते. म्हणून ‘लप् लप्’ त्या जागेपासून दूर, उजव्या खालच्या कोपऱ्यात, आणि फॉन्टने न लिहिता हाताने काढलेलं. मोबाईलवर खाली सरकवत वाचायचं कॉमिक असेल तर चौथी आणि पाचवी यांत बरीच मोकळी जागा सोडा, नाहीतर साय आधीच दिसते. दोन काळ्या चौकटी म्हणजे कामचुकारपणा असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

आता लेटरिंग, म्हणजे फुग्यांतला मजकूर लिहिणं. बहुतेक जण हे शेवटी करतात. मी फुगे रफमध्येच, म्हणजे कच्च्या आराखड्यातच बसवतो, मजकुरासकट. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी कॅपिटल अक्षरं असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रा वर घुसतात. तेव्हा इंग्रजी ट्यूटोरियलमधली मापं विसरा. ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट धरून बघा. मेणबत्तीचं वाक्य तीन ओळींत लिहिलंत की आजीच्या फुग्याला किती जागा लागते ते कळेल. मित्राचा ठरलेला फॉन्ट असेल तर तोच वापरा. नसेल तर ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, फुग्यात गोंडस दिसतो.

कागदावर काढत असाल तर ए-फोरच घ्या. ए-थ्री घरच्या स्कॅनरवर मावत नाही आणि दोन तुकडे जोडण्यात संध्याकाळ जाते. पेन्सिल फिक्या निळ्या रंगाची वापरा. इंकिंग, म्हणजे पेन्सिलवर शाई फिरवणं, झाल्यावर ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून फक्त ब्लू चॅनल (चित्रातल्या निळ्या रंगाचा थर) ठेवला की निळ्या रेषा जवळजवळ पांढऱ्या होतात आणि शाई काळी राहते. खोडरबराने शाई फिकी व्हायची भीती नाही. काळ्या चौकटींत शाई भरून कागद फुगवू नका. फुग्याची आणि डोळ्यांची बाह्यरेषा तेवढी काढा, काळं कम्प्युटरवर ओता. क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

रफ झालं की इंकिंगआधी मित्राला दाखवा. पुढच्या भागात बोका दूध सोडणार असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. त्याच वेळी विचारून घ्या: पानाची रुंदी किती पिक्सेल, आजीच्या लुगड्याचा नेमका रंगकोड काय, श्रेयात नाव कसं येणार. उद्या त्याने संग्रह छापला तर तुमचं पान त्यात जाणार का आणि मानधनाचं काय, हेही लेखी असू द्या, मित्र असला तरी. ईमेलमधल्या दोन ओळी पुरतात. सही खालच्या कोपऱ्यात, लहान. फाइल देताना मजकुराचा लेअर वेगळा ठेवा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला त्याला तुम्हाला उठवावं लागणार नाही.