पाणी किती वाव आहे ते आधी मोज

प्रिय बाळा,

पत्र मिळालं. बाबांच्या तोंडाचा कर्करोग सांगणारा बायोप्सीचा रिपोर्ट, नौकेचे थकलेले दोन हप्ते, आईचं रात्र रात्र जागं राहणं, सगळं सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस. शेवटच्या ओळीत तू विचारलंस, ‘आमच्याच घरावर देवाचा राग का?’ आधी त्याचंच बोलू. असला प्रश्न पोटात ठेवून बाकीची कामं धड होत नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पुढे पश्चात्ताप करायला सांगतो तो ऐकणाऱ्यांना. मेलेल्यांचा हिशेब मांडत बसत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर येतं, दोघांचंही नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कुणाची पापं मोजून कौलं उडाली नव्हती, हे तर तू स्वतः पाहिलं आहेस.

बाबांनी तंबाखू खाल्ली आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे खरं आहे. ते कारण आहे. डॉक्टरांपुढे ते लपवू नका, किती वर्षं आणि दिवसाला किती, सगळं सांगा. पण कारण वेगळं आणि शिक्षा वेगळी. ही दोन एकत्र झाली की माणूस औषध घ्यायलाही लाजतो, मी भोगायलाच हवं म्हणतो आणि दोन महिने वाया जातात.

भेटायला येणाऱ्यांत कुणीतरी ‘घरात काहीतरी दोष असणार’ म्हणेलच. पवित्र शास्त्रातल्या ईयोबाचे, दोष नसताना सगळं गमावलेल्या त्या माणसाचे, तीन मित्र असेच होते. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी उत्तम केलं. तोंड उघडलं तिथून बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो आणि पानंच्या पानं तक्रार करणारा ईयोबच खरं बोलला असं म्हणतो. तेव्हा अशा पाहुण्याला चहा दे, वाद घालू नकोस, आणि आईजवळ त्याला एकटं बसू देऊ नकोस.

आता पुढचं. नौकेवर वाढलेल्या माणसाने ‘प्रेषितांची कृत्ये’मधला 27 वा अध्याय एकदा तांडेलाच्या नजरेने वाचावा. हंगाम उलटल्यावर, कैदी म्हणून रोमला नेला जाणारा प्रेषित पौल नको म्हणत असताना, गलबत हाकारलं. वर 276 माणसं. वादळात सापडले आणि चौदा दिवस भरकटले. त्या दिवसांत त्यांनी काय काय केलं ते बघ. मागून ओढत नेलेली छोटी होडी वर घेतली. गलबत फुटू नये म्हणून त्याला खालून दोर आवळले. माल समुद्रात टाकला. जमीन जवळ आल्यासारखी वाटली तेव्हा पाणी मोजलं, वीस वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) भरलं. थोडं पुढे पुन्हा मोजलं, पंधरा वाव. तेव्हा खडकावर आपटण्याची भीती ओळखून मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडायची वाट पाहिली. यातली प्रार्थना ‘उजाडू दे’ एवढीच. पण ती नांगर टाकून झाल्यावर केलेली.

आपल्याकडे उलटं होतं. घरात संकट आलं की नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते, नवस बोलले जातात, आणि पाणी कुणी मोजतच नाही. रिपोर्ट कपाटात, बँकेचं पत्र न फोडता फ्रिजवर. माझ्या मते हा विश्वास नाही, ती भीती आहे. गळ्यात रोझरी असली तरी.

म्हणून या आठवड्यात तू पाणी मोज. बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात, जाशील तेव्हा दोनशे पानी वही ने आणि पाच गोष्टी विचारून तिथेच लिहून घे. आजार कुठल्या टप्प्यावर आहे? उपचार बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? किती फेऱ्या, किती आठवडे? खर्च किती आणि सरकारी योजनेत काय बसतं? उपचार घेतलाच नाही तर काय होईल? चौथा प्रश्न विचारायला लाजू नकोस, डॉक्टरांना त्याची सवय असते. बायोप्सीची काच आणि मेणाचा ब्लॉक मागून घे. मुंबईला टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं ठरलं तर नुसत्या कागदावर भागत नाही. किरणोपचार सांगितले तर आधी बाबांचे दात दाखवा. किडके दात आधीच काढून घ्यावे लागतात, कारण किरणं दिल्यावर दात काढला तर जबड्याची जखम भरत नाही आणि हाड सडण्याचा धोका असतो.

बँकेचंही तसंच. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं अनुत्पादक कर्जात जातं आणि मग व्यवस्थापकाचे हात बांधले जातात. तू आत्ता दोन हप्त्यांवर आहेस, म्हणजे अजून बोलायला जागा आहे. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, घरात आजार, अशी दोन्ही कारणं लिहून हप्त्यांची फेररचना मागणारा अर्ज दे आणि पोच घे. सावकाराकडून घेऊन बँकेचा हप्ता भरू नकोस. नौका विकायची की ठेवायची हे या महिन्यात ठरवू नका. झोप नसलेल्या माणसाने मोठा सौदा करू नये.

माल टाकणं म्हणजे काय, ते घरात बसून ठरवा. यंदा फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) खर्च नाही, बहिणीच्या लग्नाचा मोठा हॉल नाही. लोक बोलतील. बोलू देत.

त्या अध्यायातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. देवाचा दूत पौलाला सांगतो की माणूस एकही जाणार नाही, आणि पौल सगळ्यांना बजावतो की तारू मात्र जाईल. आणि तसंच झालं. कुणी पोहत, कुणी फळीवर, कुणी तुटक्या लाकडावर किनाऱ्याला लागलं. देवाने जे कबूल केलं होतं तेच दिलं, जे कबूल केलं नव्हतं ते बुडालं. आता नीट ऐक. ते वचन त्या गलबतावरच्या माणसांना होतं. ते उचलून ‘बाबा बरे होणारच’ असं कुणाला सांगत फिरू नकोस, आईला तर नाहीच. पौल स्वतः पुढे रोममध्ये मारला गेला. तुझ्या बाबांना दिलेलं वचन असं आहे की देव सोडून जाणार नाही आणि मरण हा शेवट नाही. बरं होण्यासाठी रोज माग, हक्काने माग. पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा मागितलं. काटा राहिला. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं, आणि त्याने ते लिहून ठेवलं.

‘झेपेल तेवढंच देव देतो’ हे वाक्य तुला दहा जण ऐकवतील. ते शास्त्रात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात जे आहे ते मोहाबद्दल, परीक्षेबद्दल आहे. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तोच पौल लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, जगण्याचीही आशा सुटली. तेव्हा एखाद्या रात्री झेपेनासं झालं तर विश्वास कमी पडला असं समजू नकोस.

त्या रात्रीसाठी तेरावं स्तोत्र. फक्त सहा ओव्या. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात ना, तसंच ते आहे, आणि त्याची बांधणी शिकण्यासारखी आहे. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा एकच प्रश्न, कुठवर? मग मागणं. मग शेवटी भरवशाचे दोन शब्द. तूही वहीच्या मागच्या पानावर तसं लिही. देवाला हाक मार, काय दुखतंय ते नेमकं लिही (‘कठीण दिवस’ नको, ‘बाबांना आज पाणीही गिळवेना’ असं), काय हवं ते माग, आणि खरंच वाटत असेल तरच भरवशाची ओळ लिही. नसेल वाटत तर सोडून दे. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

फादरांना आत्ताच बोलाव. आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार म्हणजे शेवटची घटका, हा आपल्या वाड्यांतला जुना समज आहे, त्यामुळे आजारी माणूस फादरांना दारात बघूनच घाबरतो. तो संस्कार गंभीर आजार सुरू झाला की घ्यायचा असतो आणि आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. कम्युनियनआधीचा (ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा) एक तासाचा उपवास आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला लागू नाही, म्हणजे तुझ्या आईलाही नाही. तोंड सोलवटलं असेल तर ख्रिस्तप्रसादाचा अगदी बारीक तुकडा घोटभर पाण्याबरोबर चालतो, फादरांना तसं सांग.

वेदनेचं औषध नाकारून क्रूस वाहिल्याचं पुण्य मिळतं, असं बाबा म्हणाले तर त्यांना सांग की 1957 साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढेच स्पष्ट केलं होतं, वेदनाशामक घ्यायला ख्रिस्ती माणसाला आडकाठी नाही. मॉर्फिन लिहून दिलं तर घड्याळ बघून द्यायचं. दुखायची वाट बघितली तर मग जास्त लागतं. त्याने पोट बांधतं, म्हणून रेचकही सोबत लिहून घे. आणि एखाद्या प्रार्थनासभेत कुणी गोळ्या बंद करा म्हणालं तर तिथून उठून या. मागे बघू नका.

जेवणाचं. पौलाने गलबतावर उजाडायच्या आधी सगळ्यांना खायला लावलं, जीव वाचवायचा तर हे लागेल म्हणाला. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. आईला उकड्या तांदळाची पेज तरी सकाळी पोटात घालायला लाव, आणि रात्री बाबांजवळ आळीपाळीने बसा. सलग दोन आठवडे तिची झोप उडाली, खाणं सुटलं, किंवा ‘मीच जाते’ अशी भाषा आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. 14416 या मानसिक आधाराच्या सरकारी नंबरवर चोवीस तास माणूस फोन उचलतो, पैसे लागत नाहीत. तुझ्या मनात तसं आलं तरी हाच नंबर, आणि मग मला.

माणसांचं गणित तुला आत्ताच सांगून ठेवतो. पहिले आठ दिवस घर भरलेलं असेल, दुसऱ्या महिन्यात कुणी नसेल. यात वाईटपणा नाही, प्रत्येकाला आपापली जाळी असतात. म्हणून ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम दे. बुधवारचा डबा तुझा, बांबोळीची दुसरी फेरी तुझी, बँकेत सोबत तू. वहीत नाव लिही. रापणीच्या दोराला चाळीस हात लागतात तेव्हा कुठे जाळं किनाऱ्याला येतं, आणि उशिरा येऊन हात लावणाऱ्यालाही चार मासे मिळतात. मदत मागून तू त्यांच्यावर भार टाकत नाहीस. गलबतावर काही खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून होडीत उतरून पळायला निघाले होते, तेव्हा पौल म्हणाला, हे वर राहिले नाहीत तर कुणीच वाचणार नाही. तुझा धाकटा भाऊ गोव्याला कामाला जातो म्हणतोय ना? त्याला सप्टेंबरपर्यंत थांबव. रागावून नाही, त्याला काम देऊन. बाबांना उचलायला दोघे लागतात.

सोमवारी बँक साडेदहाला उघडते, दहाला जाऊन उभा राहा. पासबुक, कर्जाचा करार आणि रिपोर्टची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, पाऊस आहे. अर्जाचा कच्चा मसुदा मला रविवारी मिस्सानंतर दाखव.

तुझा काका