जर्मन नोंद, चिनी अक्षरे : एका थोराड पिस्तुलाचे मूळ

प्रश्न : आमच्या संस्थेच्या शस्त्रसंग्रहातील एक पिस्तूल जुन्या नोंदवहीत ‘जर्मन माउझर’ म्हणून दाखल आहे. झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ आणि चापाच्या पुढे असलेली काडतुसांची पेटी, ही ठेवण माउझरचीच आहे. परंतु संग्रहातील दुसऱ्या माउझरशेजारी ते फारच थोराड दिसते. त्याची पेटी चापाच्या कड्याच्याही खाली उतरली आहे, नळीचे तोंड आतून सुमारे ११ मिलिमीटर भरते आणि डाव्या अंगावर तीन, तर उजव्या अंगावर सात चिनी अक्षरे आहेत. चीनमधील विक्रीसाठी ही अक्षरे जर्मनीतच उमटवली असावीत, असे एका सहकाऱ्यांचे मत आहे. हे पिस्तूल नेमके कुठले?

उत्तर : सहकाऱ्यांचा तर्क निराधार नाही. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात १८९६ पासून तयार होणाऱ्या या पिस्तुलांना चीनमध्ये मोठी मागणी होती आणि तिकडे गेलेल्या अनेक पिस्तुलांवर ‘जर्मनीत बनवलेले’ अशा अर्थाची चिनी अक्षरे खरोखरच आढळतात. म्हणून चिनी अक्षरे दिसली एवढ्यावरून काहीच ठरत नाही; ती वाचावी लागतात.

आपण दिलेली मापे मात्र जर्मनीपासून दूर नेतात. माउझरचे मूळ काडतूस ७.६३ मिलिमीटरचे आहे, तर ११ मिलिमीटरची नळी .४५ एसीपी (सुमारे ०.४५ इंच व्यासाची गोळी) या अमेरिकी काडतुसाकडे बोट दाखवते. अशी जाड दहा काडतुसे मावायची तर पेटी खाली वाढवावीच लागते. आपल्याला खटकलेली ठेवण त्यातूनच आली आहे. हे सारे वर्णन उत्तर चीनमधील शान्सी प्रांतात बनलेल्या ‘नमुना १७’ या पिस्तुलाशी जुळते. त्याच्या डाव्या अंगावर ‘एक, सात, नमुना’ अशी तीन अक्षरे असतात. उजवीकडील सात अक्षरांचा अर्थ ‘प्रजासत्ताकाचे अठरावे वर्ष, जिन येथे निर्मित’ असा होतो. ‘जिन’ हे शान्सीचे प्राचीन काळापासून चालत आलेले संक्षिप्त नाव आहे, आणि चिनी प्रजासत्ताकाचे पहिले वर्ष १९१२ असल्यामुळे अठरावे वर्ष म्हणजे १९२९. डावीकडील सतरा हा आकडा नमुन्याचा आहे, त्याला निर्मितीचे साल समजू नये.

माउझरची नक्कल करताना काडतूस का बदलले, हा या पिस्तुलाच्या इतिहासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. शान्सीवर त्या वेळी यान शीशान या लष्करी सत्ताधीशाचा अंमल होता. १९१९ ते १९२९ या काळात अनेक देशांनी चीनला शस्त्रे विकण्यावर निर्बंध घातलेले होते आणि प्रांतोप्रांतीचे सत्ताधीश स्वतःच्या कारखान्यांवर भिस्त ठेवून होते. यानच्या ताइयुआन येथील शस्त्रकारखान्यात थॉम्पसन सबमशीनगनची नक्कल बनत असे आणि तिला .४५ चेच काडतूस लागत असे. पिस्तूलही त्याच काडतुसाचे केले की दोन्ही शस्त्रांना एकच दारूगोळा पुरतो. आपल्या संग्रहातील वस्तूला मी नुसती नक्कल म्हणणार नाही. एका प्रांताने आपल्या गरजेप्रमाणे घडवलेले ते शस्त्र आहे.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. या नमुन्याला संग्राहकांत मोल आल्यानंतर त्याच्या नव्या प्रतिकृतीही तयार झाल्या. त्यामुळे प्रथम जाणकाराकडून पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि मग तिरप्या प्रकाशात अक्षरे पाहावीत. भोवतालचे पोलाद झिजलेले असताना अक्षरांच्या कडा धारदार असतील, तर ती नंतर कोरली गेल्याचा संशय घ्यावा. निरनिराळ्या भागांवरील क्रमांक परस्परांशी जुळतात का, हेही तपासावे. तोवर गंज घासू नये व पॉलिश लावू नये, कारण झिजेचा हा पुरावा एकदा पुसला गेला की परत मिळत नाही.

दोन्ही अंगांवरील अक्षरांची स्पष्ट छायाचित्रे पाठवलीत, तर ती अक्षरशः वाचून कळवता येतील. नोंदवहीतील ‘जर्मन’ हा शब्द मात्र आपण आजच वगळावा आणि त्या जागी ‘शान्सी, नमुना १७, तपासणी बाकी’ असे लिहावे.